शून्यावर टक्के चढत नाहीत

डिचोली तालुक्यातल्या सर्वण गावाची पंचायत कारापूरशी जोडलेली आहे, कारापूर-सर्वण. अशा पंचायतीचे अंदाजपत्रक कसे दिसते, ते आधी डोळ्यांसमोर आणू. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, ते प्रत्यक्ष कोणत्याही पंचायतीचे नाहीत. गेल्या वर्षी पावसाळ्याआधीच्या गटारसफाईवर ६ लाख खर्च झाले, यंदा ६ लाख ६० हजार धरले आहेत. रस्ते आणि संरक्षक भिंती ३० लाखांवरून ३२ लाखांवर, पगार आणि कार्यालय २० लाखांवरून २० लाख ४० हजारांवर. किरकोळ खर्च ४ लाख होता, यंदाही तेवढाच. शेवटी एक नवी ओळ आहे, सुका कचरा वेगळा करण्याची शेड. गेल्या वर्षी शून्य, यंदा ३ लाख.

हे सगळे संगणकावर मांडले की शेवटच्या रकान्यात टक्के हवे असतात. यंदाच्या रकमेतून गेल्या वर्षीची रक्कम वजा करायची आणि उत्तराला गेल्या वर्षीच्या रकमेने भागायचे, =(सी२-बी२)/बी२. सूत्र पहिल्या ओळीत लिहून खाली ओढत नेले की गटारसफाईसमोर १० टक्के येतात, रस्त्यांसमोर ६.६७, पगारांसमोर २ आणि किरकोळ खर्चासमोर ०. कचरा शेडच्या ओळीत मात्र आकडा येत नाही. तिथे हॅशचे चिन्ह, ‘डिव्ह’, तिरकी रेघ, शून्य आणि उद्गारचिन्ह असे काहीतरी उमटते. त्या रकान्याची कुणी खाली बेरीज घेतली असेल तर तीही याच चिन्हाने भरून जाते. ग्रामसभेला दाखवायचा कागद एका चौकटीपायी नासल्यासारखा दिसतो.

मग घाईघाईने ती चौकट झाकली जाते, आणि खरी चूक तिथे होते.

सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे ‘आयएफएरर’ नावाचे सूत्र. चूक आली तर तिच्या जागी शून्य दाखव, असे ते संगणकाला सांगते. कागद स्वच्छ दिसू लागतो, पण आता कचरा शेडसमोर ० टक्के लिहिलेले असते. त्याच्या वरच्याच ओळीत किरकोळ खर्चासमोरही ० टक्के आहे आणि तिथे खरोखरच काही बदललेले नाही. वर्षातला सगळ्यात मोठा बदल आणि अजिबात न झालेला बदल दोन्ही एकाच आकड्याने दाखवले गेले. वाचणाऱ्याची यापेक्षा मोठी दिशाभूल कोणती असेल? शिवाय हे सूत्र सरसकट सगळ्याच चुका झाकते. रकमेच्या जागी कुणी चुकून अक्षर टाकले असेल तरी तिथे शांतपणे शून्यच येईल.

दुसरा उपाय तितकाच रूढ आहे. आधी काहीच नव्हते, आता आहे, म्हणून १०० टक्के लिहून टाकायचे. ऐकायला हे पटते. पण १०० टक्के वाढ म्हणजे दुप्पट. ३ लाखांची शेड असो की ३ कोटींचे सभागृह, दोन्हींसमोर १०० च येणार. ज्या आकड्याला लाख आणि कोटी यांतला फरक कळत नाही, तो अंदाजपत्रकात ठेवून उपयोग नाही.

तिसरा उपाय हुशारीचा वाटतो. शून्याच्या जागी अगदी बारीक रक्कम धरायची, म्हणजे भागाकार अडणार नाही. करून पाहू. यंदाचा खर्च २०,००० आहे. गेल्या वर्षी १०,००० असता तर वाढ १०० टक्के. १,००० असता तर १,९०० टक्के. १०० असता तर १९,९०० टक्के. आणि १ रुपया धरला तर १९,९९,९०० टक्के. खर्च तोच, २०,०००. बदलली ती आपण मनाने धरलेली रक्कम, आणि उत्तर सर्वस्वी तिच्यावर ठरले.

हे असे का होते, ते ‘शेकडा’ या आपल्या जुन्या शब्दात दडलेले आहे. व्याज शेकडा पाच, दलाली शेकडा दोन, असे आपले आजोबा म्हणत. टक्का नेहमी कशाचा तरी शेकडा असतो. आधीच्या रकमेचे शंभर सारखे भाग पाडायचे आणि वाढ त्यांतल्या किती भागांएवढी आहे ते मोजायचे. गोव्याच्या बाजारात मासळीचे वाटे घालतात, तसेच हे. टोपलीत मासळी आलीच नसेल तर वाटे घालणार कशाचे? कचरा शेडच्या गेल्या वर्षीच्या रकमेचे शंभर वाटे पडतच नाहीत. यंदाचे ३ लाख खरे आहेत, ते मोजायचे माप मात्र अस्तित्वात नाही.

शाळेतला ताळा करूनही हे पटते. १२ भागिले ३ बरोबर ४, कारण ४ गुणिले ३ बरोबर १२. आता ३ लाख भागिले शून्य याचे काहीतरी उत्तर आहे असे धरा. त्या उत्तराला शून्याने गुणले तर ३ लाख यायला हवेत. पण कोणतीही संख्या शून्याने गुणली की शून्यच येते. ताळा कधीच जमणार नाही. संगणक थांबतो तो त्याची गणना अपुरी पडते म्हणून नव्हे. थांबणे हेच तिथले बरोबर उत्तर आहे.

माणसाला हे उत्तर मान्य करायला फार काळ लागला. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त शून्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम घालून दिले आणि ते आजही तसेच चालतात. भागाकारापाशी तो अडखळला. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे त्याने लिहिले. इतर संख्येला शून्याने भागल्यास छेदात शून्य असलेला अपूर्णांक तसाच ठेवायचा. पुढे पाच शतकांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण झाला. त्यातल्या ‘बीजगणित’ या भागात त्यांनी अशा राशीला ‘खहर’ हे नाव दिले. ख म्हणजे आकाश, म्हणजेच शून्य, आणि हर म्हणजे छेद. खहर राशीत काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, असे सांगून त्यांनी तिला प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी अविकारी राहणाऱ्या अनंत अच्युताची उपमा दिली. आजचे गणित त्या राशीला अनंत न म्हणता ‘अव्याख्यात’ म्हणते. तरीही भास्कराचार्यांचे निरीक्षण मला फार खोल वाटते. अशा राशीत लाख मिळवा की कोटी, तिला फरक पडत नाही. म्हणजे लाख-कोटींचा हिशेब तिथे करताच येत नाही. अंदाजपत्रकाच्या त्या चौकटीतही आपण नेमके इथेच अडलो होतो.

भास्कराचार्यांविषयी आपल्याला जे कळले, त्यात पेडण्याच्या एका सुपुत्राचा मोठा वाटा आहे. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

शून्याचा गोंधळ कागदावरच्या चौकटीपुरता नाही. डिचोली तालुक्याने तो डोळ्यांनी पाहिला आहे. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली आणि २०१५ मध्ये काही खाणी पुन्हा चालू झाल्या. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नव्या कायद्याप्रमाणे लिलाव झाले आणि त्यातला डिचोलीचा खनिज गट २०२४ मध्ये चालू झाला.

टक्क्यांच्या भाषेत हे लिहून पाहा. खाण बंद पडली त्या वर्षी उत्खनन १०० टक्क्यांनी घटले, आणि हा आकडा नियमात अगदी चोख बसतो. ती पुन्हा चालू झाली तेव्हा उत्खनन किती टक्क्यांनी वाढले? याला उत्तर नाही. उतरण शेकड्यात मोजता येते, चढण येत नाही. घसरणीचे १०० टक्केही आकार सांगत नाहीतच. कोटी टनांची खाण बंद पडली काय आणि एका ट्रकाची बंद पडली काय, दोन्हीकडे उणे १०० च. ट्रकमालकाच्या कर्जाच्या हप्त्याच्या दृष्टीने, बार्जवरच्या खलाशाच्या पगाराच्या दृष्टीने आणि धुळीतून सुटलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र टन महत्त्वाचे होते.

इथे आणखी एक गोष्ट विचारावी लागते. शून्य कशाचे? २०१८ नंतर नवे उत्खनन थांबले होते, पण आधी काढून ठेवलेले खनिज हलवायला पुढे न्यायालयाने परवानगी दिली. म्हणजे उत्खननाच्या रकान्यात शून्य असताना वाहतुकीच्या रकान्यात आकडे होते. दोन्हींची सरमिसळ केली तर शून्यही खोटे ठरते आणि वाढही.

अशा ठिकाणी प्रामाणिक तुलना कशी करायची? मागचे वर्ष पायाला धरून चालणार नाही, कारण तो पायाच नाही. बंद पडण्यापूर्वीचे शेवटचे पूर्ण वर्ष धरावे किंवा ऐन भराचे वर्ष धरावे, आणि कोणते धरले ते तिथेच लिहावे. वाढ किती असे न म्हणता, आधीच्या तुलनेत किती भाग परत आला, असे म्हणावे. ‘आधीच्या शंभरातले बारा परत आले’ हे वाक्य ग्रामसभेत शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळते.

पाया शून्य नसून नुसता लहान असला तरीही फसगत होते. पेडण्यातल्या मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले आणि विमाने ५ जानेवारी २०२३ पासून उडू लागली. २०२१-२२ चा रकाना शून्य. २०२२-२३ या आर्थिक वर्षात विमानतळ जेमतेम ८६ दिवस चालला आणि पुढच्या वर्षी पूर्ण ३६६ दिवस. रोजचे प्रवासी अगदी तेवढेच राहिले असते, एकही माणूस जास्त आला नसता, तरी वार्षिक आकड्यांत सुमारे ३२६ टक्के वाढ दिसली असती. यात खोटे कुणी बोलत नाही. पहिले वर्ष अर्धवट आहे एवढे सांगायचे राहून जाते. करोनाच्या साथीनंतर सगळ्या देशाने हेच पाहिले. एप्रिल-जून २०२० च्या तिमाहीत अर्थव्यवस्था सुमारे २४ टक्क्यांनी आकसली आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली. शंभराचे शहात्तर झाले आणि शहात्तराचे एक्याण्णव. वीस टक्के वाढूनही आपण जुन्या जागी पोहोचलो नव्हतो.

परत सर्वणच्या कागदाकडे येऊ. तिथे नुसती टाळाटाळ करून भागणार नाही, कारण ग्रामसभेचा प्रश्न रास्त आहे. एकूण खर्च ६० लाखांवरून ६६ लाखांवर गेला, म्हणजे १० टक्के वाढला. तो कशामुळे वाढला? टक्क्यांच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा गटारसफाईचा आहे, १० टक्के. लोक तिच्याकडे बोट दाखवतील. आता एक रकाना नवा घाला. प्रत्येक बाबीची वाढ त्या बाबीच्या जुन्या रकमेने न भागता गेल्या वर्षीच्या एकूण खर्चाने, ६० लाखांनी भागा. गटारसफाईचे ६० हजार म्हणजे १ टक्का. रस्त्यांचे २ लाख म्हणजे ३.३३. पगारांचे ४० हजार म्हणजे ०.६७. कचरा शेडचे ३ लाख म्हणजे ५. यांची बेरीज बरोबर १० होते. एकूण वाढीचा निम्मा भाग त्या एका नव्या ओळीने आणला, तर ज्या गटारसफाईवर सगळे बोलणार होते तिचा वाटा फक्त दहावा आहे.

या रकान्याला मी वाढीतला वाटा म्हणतो. इथे भागाकार शून्याने होत नाही, कारण संपूर्ण पंचायतीचा गेल्या वर्षीचा खर्च शून्य नव्हता. नवी ओळ येवो की जुनी बंद पडो, बेरीज जुळतेच. माझ्या मते कोणत्याही अंदाजपत्रकात साध्या टक्क्यांपेक्षा हाच रकाना आधी असावा.

अर्थतज्ज्ञांनी आणखी एक तोडगा वापरला आहे. वाढीला जुन्या रकमेऐवजी जुन्या आणि नव्या रकमेच्या सरासरीने भागायचे. कारखाने उघडतात, बंद पडतात आणि त्यांसोबत नोकऱ्या येतात-जातात, याचा अभ्यास स्टीव्हन डेव्हिस आणि जॉन हॉल्टिवांगर यांनी असाच केला. या मापात नवा जन्म नेहमी अधिक २०० आणि मृत्यू उणे २०० येतो. हजारो कारखान्यांच्या अभ्यासात ते उपयोगी आहे. पंचायतीच्या कागदावर मात्र २०० टक्के वाचून कुणालाही तिप्पट वाढ झाली असेच वाटेल, म्हणून तिथे ते वापरू नये.

टक्क्यांच्या मूळ रकान्यात काय लिहायचे? ‘नवीन’ हा शब्द. सूत्रात तसे सांगता येते, =आयएफ(बी२=०,"नवीन",(सी२-बी२)/बी२). रकान्याची बेरीज किंवा सरासरी घेताना संगणक शब्द वगळतो, त्यामुळे खालची गणिते बिघडत नाहीत. तक्त्यावरून आलेख काढायचा असेल तर जपा, कारण शब्द असलेली चौकट आलेखात शून्य म्हणून उमटू शकते. दोन्ही वर्षी शून्य असेल तर चौकट मोकळी ठेवा, तिथे नवीन काहीच नाही. आणि गेल्या वर्षीची चौकट खरोखर शून्य आहे की रिकामी, हे आधी पाहा. या सूत्राला रिकामी चौकटही शून्यच वाटते. खर्च झाला नाही आणि खर्चाची नोंद सापडली नाही, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आयएसब्लँक’ या सूत्राने त्या वेगळ्या काढता येतात. आणखी एक सापळा पूर्णांकनाचा आहे. रकमा लाखांत दाखवल्या की ४०० रुपये ०.०० दिसतात. मग डोळ्यांना पाया शून्य दिसतो आणि बाजूला काही हजार टक्क्यांचा आकडा येतो.

पाया उणे असेल तर सूत्र न अडता चुकीचे उत्तर देते, म्हणून तो प्रकार अधिक घातक. शिगम्याच्या एखाद्या मंडळाला गेल्या वर्षी ४० हजारांची तूट आली आणि यंदा २० हजार शिल्लक राहिले, तर नेहमीचे सूत्र उणे १५० टक्के सांगते. मंडळ सावरले आणि कागद घसरण दाखवतो. उणे चिन्ह काढून भागले तर अधिक १५० येते. पण मग १० हजारांच्या तुटीतून २० हजार शिल्लकीवर आलेल्या मंडळाची वाढ ३०० टक्के ठरते. सुधारणा निम्मी आणि टक्के दुप्पट. इथे रुपयेच सांगावेत, तूट ४० हजार होती, शिल्लक २० हजार आहे, फरक ६० हजारांचा.

नव्या खर्चाला वाढ न मानण्याची समज आपल्या राज्यघटनेतही आहे. चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात अभिप्रेत नसलेल्या ‘नवीन सेवे’वर खर्च करायचा असेल तर राज्यांसाठी अनुच्छेद २०५ प्रमाणे विधानसभेपुढे पुरवणी मागणी न्यावी लागते. पैसे दुसरीकडे शिल्लक असले तरी नुसते वळवता येत नाहीत. एक हजार रुपयांसारखी लाक्षणिक रक्कम मागून सभागृहाची संमती घेतात. आता समजा, पुढच्या वर्षी त्याच शीर्षाखाली २० लाख धरले. त्या लाक्षणिक हजारावर टक्के काढले तर वाढ १,९९,९०० टक्के येईल. तो हजार पाया म्हणून धरायचा नसतो, ते उघडलेले दार आहे. हे जाणणारा लेखापाल तिथे टक्के काढत नाही.

पूर्वीच्या कीर्दीत आणि नोंदवह्यांत उजवीकडे शेवटचा रकाना ‘शेरा’ असा असे. संगणकाच्या तक्त्यांतून तो हळूहळू गळाला, कारण त्याची बेरीज होत नाही. माझा आग्रह आहे की तो परत आणावा. ‘नवीन’ या शब्दापुढे शेऱ्यात तीन गोष्टी याव्यात, पैसा कुठून आला, कोणत्या ठरावाने मंजूर झाला आणि तो एकदाच लागणार की दरवर्षी. पुढच्या वर्षी शेडच्या ओळीत नुसता दुरुस्तीचा खर्च येईल आणि टक्क्यांत ८०-९० ची घसरण दिसेल, तेव्हा हा शेराच सांगेल की शेड बंद पडलेली नाही, ती बांधून झाली आहे.

आता पेडण्याचे ते सुपुत्र. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म १८२२ साली पेडण्यातल्या मांद्रे गावचा. मुंबईत ते नामवंत डॉक्टर झाले आणि जुने लेख, जुन्या पोथ्या शोधत राहिले. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथल्या देवळातला एक शिलालेख त्यांनी उजेडात आणला. शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, असे त्यात कोरले आहे. ज्यांनी खहर राशीला नाव दिले त्यांच्या ग्रंथांसाठी उभा राहिलेला हा मठ, आणि त्याच्या उत्पन्नाचा आरंभही शून्यापासूनच. शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात हे उत्पन्न लावून दिले आहे. पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल द्यावे.